दीडपट बॅटरी

मासेमारीच्या बोटीला नेमकी केवढी बॅटरी लागेल, याचा त्याने तीन आठवडे काथ्याकूट केला. दिवे, पंखा, पाणी उपसायचा पंप, मासे दाखवणारं यंत्र, वायरलेस. कशाला किती करंट आणि किती तास, हे सगळं वहीत मांडलं आणि वर दीडपट धरलं.

"मला होकार देताना दहा मिनिटंसुद्धा लावली नव्हतीत," बायको म्हणाली.

तिच्या भावाने आपल्या बोटीत मोटारीची जुनी बॅटरी बसवली होती. त्या मेहुण्याला तर त्याने धक्क्यावर चारचौघांत तासभर शिकवणी दिली.

नवी बॅटरी बसवून तो ऐटीत निघाला. किनारा दिसेनासा झाला आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. पंखा गरगरत होता, यंत्राच्या पडद्यावर मासे पोहत होते, बॅटरीचा काटा जागचा हलला नव्हता. डिझेलची टाकी मात्र कोरडीठाक होती. एवढ्या वहीत डिझेलचं नावच नव्हतं.

नाइलाजाने त्याने वायरलेस उचलला. जवळपास एकच बोट होती, मेहुण्याची.

"काय झालं भाऊजी? बॅटरी उतरली का?"

डिझेल भरायला विसरलो, हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

"हो ना. दुकानदाराने फसवलं मेल्याने. पार उतरली, एक दिवासुद्धा लागत नाहीये."



 

"मग भाऊजी, तुम्ही बोलताय कशावर?"