प्लग कोणी काढला?

"एक मशीन बंद पडलं, तरी दुसरं लगेच काम उचलतं," नामांकित कंपनीचा विक्रेता सांगत होता. तेवढ्यात बियाणे कंपनीच्या गोडाऊनप्रमुख वत्सला खरात उठल्या आणि त्यांनी त्याच्या एका मशीनचा प्लग खेचला.

दुसऱ्या मशीनने काम लगेच उचललं, पण नमुन्याच्या वीस ऑर्डरींपैकी त्यात सातच उरल्या.

"असं कोणी करतं का, मॅडम?"

"आमच्या जालन्यात वीज करते की!"

कंपनीच्या मालकांनी कपाळाला हात लावला. याच विक्रेत्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर त्यांनी मनातून कधीच पक्कं केलं होतं. बाईंना मिटिंगला नुसतं बसवलं होतं.

मग एका लहान कंपनीची इंजिनिअर अश्विनी आली. बाहेर बसून तिने सगळं ऐकलं होतं. तिने स्वतःच आपल्या मशीनचा प्लग काढला. "आमच्या मशीनला परत उठायला तीन मिनिटं लागतात," ती खालच्या आवाजात म्हणाली.

सगळे थांबले. मालक घड्याळ बघत राहिले. तीन मिनिटांनी पडदा उजळला आणि त्यावर वीसच्या वीस ऑर्डरी होत्या.

"पण पेरणीच्या गर्दीत तीन मिनिटं फार होतात हो, बाई," मालक वत्सलाबाईंना म्हणाले.

"साहेब, गेल्या जूनमध्ये ऑर्डरी हरवल्या तेव्हा दोन दिवस दुकानदारांच्या शिव्या मी खाल्ल्यात. तीन मिनिटं काय, तेवढ्यात फोनवर त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करीन."

मालक खळखळून हसले. त्यांनी अश्विनीच्या कंपनीच्या कराराचा कागद ओढून घेतला आणि सहीसाठी आधी वत्सलाबाईंपुढे सरकवला.