एक जूनची माणसं

केक कापायची सुरी म्हाताऱ्या बाळाने टेबलावर ठेवली आणि तो खुर्चीत जाऊन बसला. ह्या केकाला आपण हात लावणार नाही, असं त्याने माईकशिवायच सांगितलं. तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

सभागृहात पंखे होते, वारा नव्हता. अंबरनाथ एमआयडीसीला खेटून उरलेल्या त्या गावात दर एक जूनला हा सोहळा व्हायचा. मंचावर गावातली झाडून सगळी म्हातारी माणसं. प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि वाढदिवस सगळ्यांचा एकच. केक उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून यायचा. एवढी नावं मावत नाहीत म्हणून बेकरीवाला सिंधी त्यावर नुसतं 'आप सब को' लिहून द्यायचा.

सूत्रसंचालन करणाऱ्या नूतनने नुकताच दिनविशेष वाचला होता. याच तारखेला दख्खनची राणी पहिल्यांदा धावली. याच तारखेला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. आणि याच तारखेला आपले सर्व ज्येष्ठ जन्मले, असं म्हणून ती थांबली. टाळ्या पडल्या. रेशनवर मिळेल तो तांदूळ घ्यावा तशा म्हाताऱ्यांनी त्या घेतल्या.

बाळा थकला होता. शाळेत नावं घालताना मास्तरने आळस केला आणि अख्ख्या गावाला एकच तारीख चिकटवली, हे तो जन्मभर सांगत आला होता. नोकरीतून सुटला तोही ह्यातल्या त्याच सालच्या सोबत्यांबरोबरच. कंपनीच्या गेटवर हारसुद्धा एकाच पाटीतून निघाले. मग स्वतःचा खरा दिवस तो स्वतःच ठरवायचा. कधी नारळी पौर्णिमा, कधी उल्हास नदी गावात शिरली ती रात्र. एकदा तर शिवमंदिराच्या गाभाऱ्यात वाघ बसला होता तो दिवस. त्या वाघाने म्हणे बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या आणि मगच जंगलाची वाट धरली. लोक हसायचे. अलीकडे बाळालाच हसू येईनासं झालं होतं. उद्या आपली तसबीर भिंतीवर लागेल, तिच्याखाली एक तारीख लिहितील. ती तरी आपली एकट्याची असावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

मंडळाचा अध्यक्ष अल्पेश त्याच्यापाशी येऊन वाकला.

"आबा, दरवर्षीचं झालं हे तुमचं. चला, ह्यातून नाव काढतो, तुमचा सेपरेट सत्कार करतो. पण तारीख फिक्स सांगा. वाघवाली नको."

बाळाने काशीकडे बोट केलं. काशी त्याची थोरली बहीण. शाल, नारळ तिलाही मिळाले होते. त्याचा जन्म पाहिलेलं गावात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. बाय सांगेल, तो म्हणाला. इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस, असंही वर विचारलं.

"तू इचारलंस कधी? तू सांगायचास, मी आयकायची."

मग तिने सांगितलं, सावकाश, दम घेत घेत. गाव सगळं शेतीवरचं. लावणी, झोडणी, होळी, एवढ्यावर वर्ष जायचं. तारखेचं कुणाला काम पडायचं नाही. पगारी माणूस एकच, त्यांचा बापूस, रेल्वेत गँगमन. गावात तारीख यायची ती त्याच्या पगाराबरोबर, दर महिन्याच्या एक तारखेला. एक जूनला पगार घेऊन बापूस घरी आला, तर आत नुकताच जन्मलेला बाळा रडत होता.

पुढे मास्तर आला, तो त्यांच्याच ओटीवर बसला. पहिलं नाव बाळाचं पडलं. काशीने तारीख सांगितली, मास्तरने लिहिली. मग बाकीची घरं आली. गोदू कधीची? बाळाच्या मागून. अंजनी? बाळाच्या अगोदर, एक पावसाळा. ज्याला विचारावं तो बाळापासून मोजायचा. मास्तरला अख्ख्या गावात दुसरी तारीख मिळेना. उन्हाने जीव कावला होता त्याचा. साल तेवढं बदलत तो तीच लिहीत गेला. शेवटी काशीचं नाव घातलं, तर तिलाही धाकट्या भावाचीच तारीख.

गोदू मान खाली घालून बसली. बाळाने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा मंचावरच्या रांगेकडे.

अल्पेशचा गोंधळ झाला. मग आबांचं नाव काढायचं की ठेवायचं, त्याने काशीलाच विचारलं.

"त्याचं राहू दे," काशी म्हणाली. "काढायची तर आमची काढ. आमी सगली त्याचीच तारीख वापरून म्हातारी झालो."