पहिली ओळ

आकडा जुळेना. जुन्या अहवालात एकतीस माणसं होती, नवा प्रोग्रॅम बत्तीस म्हणत होता.

खाणीच्या कार्यालयातली प्रोग्रॅमर जुन्या फायली नव्या यंत्रणेत उतरवत होती. काम सरळ होतं. फाटकावरच्या मशीनने लिहिलेली फाइल उघडायची, एकेक ओळ घ्यायची, स्वल्पविराम दिसेल तिथे तोडायची आणि तुकडे अ‍ॅरेमध्ये भरायचे. नंबर, नाव, खाली उतरल्याची वेळ. जुना प्रोग्रॅमही तिनेच लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

चूक नव्यातच असणार म्हणून तिने फाइल उघडून डोळ्यांनी वाचली. तारीख खाण कोसळली त्या दिवसाची होती. तिच्या प्रोग्रॅमने काढलेली यादी हातात धरूनच तेव्हा लोकांना बाहेर काढलं होतं. सापडेल त्याच्या नावापुढे खूण. सहाव्या दिवशी एकतिसावी खूण झाली आणि शोध थांबला. पुढे खाणीचं तोंड काँक्रीटने बुजवलं.

फाइलची पहिली ओळ रकान्यांच्या मथळ्यांची असते, ती सोडून द्यायची, असं तिने जुन्या प्रोग्रॅमला शिकवलं होतं. त्या दिवशी फाटकावर नवीन मशीन बसवलं होतं. त्याने मथळे लिहिलेच नव्हते. पहिल्या ओळीत माणूस होता.

हवा तपासायला सगळ्यांच्या आधी एकटा उतरायचा तो. त्याची बायको दहा दिवस फाटकाशी उभी होती. "यादीत नाव नाही, म्हणजे त्या दिवशी कामावर आलाच नव्हता," तिला सांगितलं गेलं. मग कुणीतरी म्हणालं, पळाला असेल. ते सगळ्यांना पटलं.

"ताई, पाय वर घ्या जरा."

फरशी पुसणाऱ्या मावशी खुर्चीशी आल्या होत्या. हाताला काम हवं म्हणून कंपनीने तेव्हा त्यांना ठेवून घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली.

"मावशी, बसा."

तिने सगळं सांगितलं. स्वल्पविराम, ओळ, मथळा, सगळाच गोंधळ झाला. शेवटी तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे नाव बघा. पाच पन्नासला उतरलेत."

मावशींनी नाव वाचलं. परत वाचलं.

"म्हणजे पळाले नव्हते?"

"नाही. मावशी, चूक माझी..."

मावशींना ते ऐकूच गेलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता. "आधी सासूला सांगते. अजून म्हणते, तूच पळवून लावलंस माझ्या लेकाला." फडकं तिथेच टाकून त्या दारापर्यंत गेल्याही. तिथे थबकल्या.

"ताई, शोध कितव्या दिवशी थांबवला होता?"

"सहाव्या."

मावशींनी दाराची कड धरली.

"पाण्याची बाटली मोठी होती त्यांची," त्या म्हणाल्या. "काठोकाठ भरून दिली होती मी."