वीतभर गाडीची पूजा

हर्षलनं पन्नास वर्षं जुनं, मोडकं, सुटे भाग जोडून खेळण्यातली गाडी बनवायचं प्लास्टिकचं किट आठ महिने घासून, चिकटवून, रंगवून त्याची वीतभर रेसिंग कार केली होती. दसऱ्याला ट्रॅक्टर पुजून झाल्यावर त्याची आई मनकर्णाबाई ताट घेऊन थेट त्या कारपाशी आली आणि तिनं नारळ उचलला. हर्षलनं झटकन कारवर दोन्ही हात आडवे धरले.

"माय, नारळ नको वं! एक टवका उडाला तरी गाडीचा भुगा होईन!"

"मले काय समजत नाही का बाप्पा? एवढुशा गाडीले एवढा मोठा नारळ काऊन फोडू?"

तिनं नारळ खाली ठेवला आणि कारच्या चाकापुढं एक सुपारी मांडली. हर्षलचा जीव भांड्यात पडला.



"आता गाडी घट्ट धर. सुपारी फोडाले वरवंटा आणते."