कंबरेतलं इंजेक्शन

“कुठं दुखतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि ज्योत्स्नानं तोंड उघडायच्या आत तिच्या आईनं उत्तर दिलं.

“कंबरंत. सिझरच्या टायमाला मणक्यात इंजेक्शन दिलतं, तवापासून.”

खरं म्हणजे ज्योत्स्नाला ओटीपोटात दुखायचं. तिथून ते मागं कंबरेत आणि खाली मांडीत उतरायचं. पण गेली चार वर्षं प्रत्येक दवाखान्यात तिची आई सरजाबाईच बोलत आली होती, आणि लेकीलाही ते बरंच वाटायचं. असल्या जागेचं दुखणं परक्यापुढं उघड करायला तिची जीभ रेटत नसे.

तिचं सासर मुदखेडला, माहेर उदगीरजवळ. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, उदगीरच्या दवाखान्यात. मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात ती लेक घेऊन सासरी गेली, आणि दुखणंही सोबत गेलं.

मग नांदेडचे हाडांचे डॉक्टर झाले, कंबरेचा पट्टा झाला, पोटाचे डॉक्टर झाले. दर वेळी सरजाबाई एसटीनं हजर. कुणाला दाखवायचं हे तीच ठरवायची. सोनोग्राफीचा विषय निघाला की सांगायची, ती उदगीरला झालीय, त्यात काही नाही. तिची थोरली लेक उज्ज्वला दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. पहिल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उरलेल्या एका लेकीसाठी बाई जिवाचं रान करणारच, असं पाहणारे म्हणत.

सासरी मात्र सगळे कंटाळले होते. रिपोर्ट नॉर्मल, गोळ्या चालू, आणि सून अंथरुणात. हा सगळा कामचुकारपणा आहे, असं सासू शेजारीपाजारी सांगू लागली. दुसरं मूल का नाही, हा प्रश्न तर रोजचाच. नवरा सुगत समजूतदार होता. रेल्वेतली ड्युटी बदलून तिला घेऊन हिंडला होता. पण गेल्या आठवड्यात तोही म्हणाला, की लातूरचा दवाखाना शेवटचा. तिथंही काही निघालं नाही तर दुखणं मनातच आहे असं धरून चालू. ज्योत्स्नाला राग आला नाही, भीती वाटली. उद्या आपल्यालाही तसंच वाटू लागलं तर? तिला औषधाच्याही आधी दुखण्याला एक नाव हवं होतं.

लातूरच्या या बायकांच्या डॉक्टरचा पत्ता अंगणवाडीच्या ताईंनी दिला होता. सरजाबाईच्या मनात नव्हतं. बायांच्या डॉक्टरकडं गेलं की पिशवी काढायलाच सांगतात, आपल्या भागात अशा किती जणी आहेत, असं ती बसस्टँडपासून सांगत आली. तिचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. सरजाबाई उठेना. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तेव्हा पदर सावरत गेली.

आत पडदा ओढला गेला. थोड्या वेळानं बाईंनी सोनोग्राफीच्या मशीनची स्क्रीन ज्योत्स्नाकडे वळवली.

“ही पांढरी रेघ दिसते? तांबी आहे. पिशवीच्या भिंतीत रुतलीय. दुखणारच.”

मूल राहू नये म्हणून बसवतात ती तांबी ज्योत्स्नाला ऐकून माहीत होती. आपल्या पोटात ती आहे, हे माहीत नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. सिझर करतानाच बसवली असणार, धागा वर गेला की बाहेरून कळत नाही, असं बाई म्हणाल्या. उद्या सकाळी काढता येईल, दुखणं बहुतेक थांबेल, पुढं मूलही होऊ शकेल.

ज्योत्स्ना रडली. आधी आनंदानं, कारण दुखणं खरं होतं. मग तिला संताप आला. चार वर्षं. नवऱ्याला घेऊन उदगीरला जायचं आणि त्या दवाखान्याला जाब विचारायचा, हे तिनं तिथंच ठरवलं.

बाहेर बाकावर सरजाबाई बसली होती. आजूबाजूला माणसं होती, म्हणून ज्योत्स्नानं मोघमच सांगितलं.

“माय, सापडलं. आत काय तरी ऱ्हायलंय. उद्या काढणार हायेत.”

सरजाबाईनं काय सापडलं ते विचारलं नाही. तिनं लेकीचं मनगट घट्ट धरलं.

“काढू नगंस, बाई. पाच वर्सं चालती म्हनली व्हती नर्स. अजून एक वरीस हाय.”