अर्धा इंच

मास्तरीण गप्प होती ती तोंडात टाचण्या होत्या म्हणून. गुरुजींना वाटलं, कबूल आहे.

गुरुजी म्हणजे मठाचे नवे धर्मगुरू. सोमवारी ते गादीवर बसणार होते. त्या दिवशीचा झगा कच्च्या टाक्यांवर अंगात चढवून ते दुकानाच्या मधोमध स्टुलावर उभे होते आणि मास्तरीण काखेत टाचण्या लावत होती. नवरा टेलरमास्तर, म्हणून ही मास्तरीण. आता तो नव्हता, पाटीवर नाव तेवढं होतं. खिडकीशी तिची सोळा वर्षांची मुलगी गुरुजींचा रोजचा झगा उसवत बसली होती. पोटावर घट्ट व्हायला लागला होता, घेर सोडायचा होता. दाराजवळच्या खुर्चीत सासूबाई. सगळी आग त्यांनीच लावलेली.

तसं बघायला गेलं तर चूक मास्तरिणीचीच. पहाटेचं स्वप्न कुणी सासूला सांगतं का? पण चहा गाळता गाळता ती बोलून गेली. जुने गुरू, वारलेले, स्वप्नात आले. दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. बोलले नाहीत. बस्स, एवढंच. सासूबाईंनी चहा तसाच टाकला आणि मठाची वाट धरली.

"ग्रंथात अगदी स्पष्ट आहे," गुरुजी स्टुलावरून सांगत होते. "गुरू स्वप्नात बोलले तर तो आशीर्वाद. न बोलता असे बाहू उघडून उभे राहिले, तर त्यांना घरातलं माणूस हवं असतं. सोमवारी दोन सेविका येतील, मुलीला त्यांच्याबरोबर दे. केस उतरवू, नाव बदलू. मग ती मठाची. भाग्यवान आहेस हो!"

खिडकीशी कात्री थांबली.

"हो म्हण गं," सासूबाई म्हणाल्या. "एकदा आपण मठाचं ऐकलं नाही आणि माझा लेक गेला. आता आणखी कुणाला घालवायचंय?"

म्हातारी खोटं बोलत नव्हती, खरंच घाबरली होती, आणि तेच वाईट होतं. मास्तरिणीनं मुलीकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. कात्री मुठीत धरून ती नुसती आईच्या तोंडाकडे बघत होती, आणि आईच्या तोंडात टाचण्या.

मास्तरिणीनं त्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या. घाई केली नाही.

"गुरुजी, आत्ता तुम्ही कसे उभे आहात?"

"कसा म्हणजे?"

"हात आडवे करून. आमच्या घरातलं कोण हवंय तुम्हाला?"

"काहीतरीच काय! मी माप देतोय."

"स्वप्नात तेही तेच देत होते."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मास्तरीण थांबली नाही.

"अठरा वर्षं त्यांचे झगे शिवले मी. माप देताना चकार शब्द काढायचे नाहीत. बोललं की पोट हलतं, म्हणायचे. आणि आता का आले तेही मला ठाऊक आहे." तिनं गुरुजींच्या डाव्या बाहीवर बोट ठेवलं. "ते गेल्यावर त्यांना शेवटचा घातला तो झगा मी एका दुपारीत उरकला. डावी बाही अर्धा इंच आखूड झाली. कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. उसवायला वेळ नव्हता, तशीच दिली. तेवढंच देणं लागते मी त्यांचं. अर्धा इंच कापड. पोरगी नाही."

"आता ग्रंथाचा अर्थ तू लावणार?"

"ग्रंथ तुमचा, गुरुजी. स्वप्न माझं आहे."

"अगं, पाप लागेल!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"लागू दे, आई. मला लागेल. तिला नाही."

गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला. "मग हा झगाही मी दुसरीकडे शिवून घेईन!" म्हणत त्यांनी हात खाडकन खाली आणले, आणि काखेतल्या टाचण्या सगळ्या एकदम टोचल्या. "आई गं!" गुरुजी ओरडले. ग्रंथात नसलेलं असं ते त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलले.

"घ्या की शिवून," मास्तरीण म्हणाली. "पण अंगावरचा नुसत्या टाक्यांवर आहे. रस्त्यात कुणाचा हिसका बसला की बाही त्याच्या हातात. रोजचा घालून जाल म्हणावं तर तो हिनं उसवलाय. आणि सोमवारी बायका पाठवू नका. आल्या तर त्यांचीही मापं घेईन आणि आल्या पावली परत धाडीन."

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. बाहेर भर दुपारचा रस्ता, माणसांची ही वर्दळ. जाणार कुठे?

तेवढ्यात पोरगी उठली. आईच्या गळ्यातला टेप तिनं काढून घेतला आणि स्टुलापाशी येऊन उभी राहिली.

"डावी बाही राहिलीय, गुरुजी. नीट माप द्या, नाहीतर आखूड व्हायची."

सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. मास्तरिणीनं उशीतल्या टाचण्या उपटून ओठांत धरल्या.

गुरुजी दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. बोलले नाहीत.