लोसाचा प्रचार

आमच्या बेटावरच्या सभाघरात पेनितुसी एकदा बोलायला उभा राहिला की घरोघरी चुलीवरचा मासा करपायचा, पण त्याचं भाषण संपायचं नाही. तुवालूच्या संसदेची निवडणूक लागली, तशी त्याची बायको लोसा दारोदार फिरली.

"द्या गं बायांनो निवडून! चार वर्षं राजधानीत बोलेल. तेवढीच आपल्या कानांना विश्रांती."

तो दणक्यात निवडून आला. बोट सुटताना लोसाने त्याच्या गळ्यात फुलांचा हार घातला. आम्हीही डोळे पुसले. "किती जीव लावता रे!" म्हणत तो गहिवरला.

पुढे रेडिओवर संसदेचं पहिलं अधिवेशन ऐकलं, तेव्हा कळलं, प्रत्येक बेटाने आपापला पेनितुसीच पाठवला होता.